कॅम्पर घेऊन निवांत नेपाळ: गोव्याहून निघणाऱ्यांसाठी

मडगावच्या एका निवृत्त दांपत्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. दोघांचेही वय साठीच्या पुढे असून सोबत यजमानांची सत्तरीतली थोरली बहीण आहे. ट्रॅव्हलर या प्रवासी व्हॅनच्या सांगाड्यावर बांधून घेतलेला डिझेल कॅम्पर घरी आहे; त्यात तिघांची झोपायची सोय, लहानसा ओटा आणि पोर्टेबल टॉयलेट आहे. दिवाळीच्या सुमारास तीन आठवडे नेपाळात फिरायचे असून अट एकच आहे, ती म्हणजे धावपळ नको. गोव्याहून गाडी नेणे शहाणपणाचे आहे का, सीमा कुठून ओलांडावी, कागदपत्रे कोणती लागतील, रात्री गाडी कुठे उभी करावी आणि काठमांडूला जावे की नाही, असे त्यांनी विचारले आहे. फोंड्याला अशा गाड्या बांधून देणे आणि त्या घेऊन उत्तरेकडे जाणे हा माझा व्यवसाय असल्याने जे प्रत्यक्षात उपयोगी पडते तेवढेच येथे लिहितो.

आधी शेजारच्या इतर देशांचा विचार संपवू. श्रीलंकेला आपली गाडी नेता येत नाही, कारण नागपट्टिनम ते कांकेसंतुराई ही फेरीबोट केवळ प्रवाशांची आहे. भूतानला नेता येते, पण तिथे भारतीय पर्यटकाला दर रात्री माणशी १,२०० रुपये शाश्वत विकास शुल्क आणि सीमेवरच्या शहरापलीकडे जाणाऱ्या भारतीय गाडीला दिवसाला ४,५०० रुपये भरावे लागतात. तिघांच्या वीस दिवसांचा हिशेब जेवण आणि डिझेल सोडून १,६२,००० रुपयांवर जातो. शिवाय बहुतेक भागांत सोबत वाटाड्या असावा लागतो, आणि वाटाड्याला बरोबर घेऊन कॅम्परमध्ये राहण्यात निवांतपणा कसला? तेव्हा नेपाळ ही आपली निवड योग्यच आहे.

मात्र तीन आठवड्यांचे नेपाळ आणि गोवा ते गोवा तीन आठवडे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. मडगावहून उत्तर प्रदेशातली सुनौलीची सीमा सुमारे दोन हजार किलोमीटरवर आहे. लादलेला कॅम्पर दिवसाउजेडी, दुपारची विश्रांती घेत, चालकाची पाठ शाबूत ठेवून दिवसाला तीनशे किलोमीटर कापतो. याहून जास्त कापू शकतो, पण मग ती सुटी राहत नाही, मालवाहतूक होते. म्हणजे जायला सात दिवस आणि यायला सात दिवस धरावे लागतात. एकवीस दिवसांतले चौदा असे गेले, तर नेपाळात एक आठवडा उरतो आणि तोही थकलेल्या अंगाने काढायचा. म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की एकतर पाच आठवडे काढावेत, नाहीतर विश्वासू चालकाकरवी गाडी गोरखपूरपर्यंत पुढे पाठवून आपण मुंबईमार्गे रेल्वेने किंवा विमानाने तिथे पोहोचावे. दोन्ही जमत नसेल तर यंदा बदामी-हंपी करावी. ते शेजारीच आहे आणि तिथे कॅम्पर सुखाने उभा राहतो.

चालकाचा मार्ग मला अधिक पसंत आहे. त्याचा पगार, जेवणखाण आणि परतीचे तिकीट मिळून खर्च येतो, पण त्या बदल्यात आपल्या सुटीतले दोन आठवडे वाचतात. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवावी, की सीमा ओलांडताना गाडीचा नोंदणीकृत मालक गाडीत असावा. मालक सोबत नसेल तर त्याचे नोटरी केलेले संमतिपत्र लागते, आणि तरीही चौकशी लांबते. म्हणून चालकाला गोरखपूरहून परत पाठवावे आणि पुढचे शंभरेक किलोमीटर स्वतः चालवावे.

पाच आठवडे काढून स्वतःच चालवत जायचे असेल, तर चोर्ला घाटातून बेळगाव, तिथून विजापूरमार्गे सोलापूर, मग तुळजापूर, लातूर, नांदेड, यवतमाळ, वर्धा असा नागपूरचा महामार्ग घ्यावा. हा मार्ग कॅम्परला सोयीचा आहे, कारण बेळगावनंतर घाट जवळजवळ नाहीत आणि मुंबई-पुण्याची गर्दी टळते. नागपूरनंतर पेंचच्या जंगलात रस्ता वन्यप्राण्यांसाठी जागोजागी खांबांवर उचललेला आहे. तो टापू दिवसाच पार करावा, कारण तो बघण्यासारखा आहे. पुढे जबलपूर, रीवा, प्रयागराज, अयोध्या, गोरखपूर. नांदेड, जबलपूर आणि अयोध्या या तीन ठिकाणी दोन-दोन रात्री राहिल्यास जाण्याचा प्रवासही सहलीचाच भाग होतो.

सीमेच्या बाबतीत नकाशा पाहून अनेकांना रक्सौल जवळचे वाटते, कारण काठमांडूचा सरळ रस्ता तिथून जातो. मी सुनौलीच सुचवतो. रक्सौल बिहारात आहे आणि बिहारात एप्रिल २०१६ पासून संपूर्ण दारूबंदी आहे. गोव्याहून निघालेल्या गाडीत पाहुण्यांसाठी म्हणून घेतलेली काजूफेणीची एखादी बाटली बिछान्याखाली निघाली, तर सहल तिथेच संपू शकते. सुनौलीच्या वाटेवर बिहार लागत नाही. तरीही फेणी घरीच ठेवावी हे उत्तम. वाटेतल्या प्रत्येक राज्याचे अबकारी नियम वेगळे आहेत आणि गोव्याची पाटी पाहिली की तपासणी नाक्यावरच्या माणसाची जिज्ञासा जागी होते.

आता ऋतू. नेपाळात पाऊस साधारण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत असतो आणि तो डोंगर ढिले करून जातो. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ ते मुग्लिन या रस्त्यावर सिमलताल येथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच वर्षी सप्टेंबरच्या अखेरच्या दिवसांत झालेल्या अतिवृष्टीने दोनशेहून अधिक माणसे दगावली आणि काठमांडूकडे येणारे रस्ते एकाच वेळी बंद पडले. घटस्थापनेला पाऊस संपलेला असतो ही आपली समजूत तिकडे लागू पडत नाही. शिवाय दसऱ्याचा सण, म्हणजे त्यांचा दशैं, कोजागरी पौर्णिमेपर्यंत चालतो. त्या पंधरवड्यात सारा देश आपापल्या गावी निघालेला असतो, बसगाड्या तुडुंब वाहतात आणि लॉजचे मालकही घरी गेलेले असतात. म्हणून कोजागरी झाल्यावर सीमा ओलांडावी. आकाश धुतल्यासारखे स्वच्छ असते, डोंगर दिसतात आणि दिवाळी आपल्याला पोखऱ्यात मिळते. दिवाळीला ते तिहार म्हणतात. आपल्याकडे नरकचतुर्दशीच्या पहाटे गल्लोगल्ली नरकासुर जाळतात, तर त्याच दिवशी तिकडे कुत्र्यांना टिळा लावून, झेंडूच्या माळा घालून गोडधोड खायला घालतात. रस्त्यावरचे कुत्रेसुद्धा त्या दिवशी माळ घालून ऐटीत हिंडताना दिसते. परतीला फार उशीर करू नये. डिसेंबरच्या मध्यापासून तराईत, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट पट्ट्यात, आणि उत्तर प्रदेशात दाट धुके पडते आणि सकाळचे चार-पाच तास गाडी हलवणे धोक्याचे होते.

कागदपत्रांचा भाग जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे गोंधळ झाला की पहिला दिवस वाया जातो. भारतीय नागरिकाला नेपाळात व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. आधार कार्ड केवळ ६५ वर्षांवरच्या आणि १५ वर्षांखालच्या भारतीयांसाठी मान्य आहे, मधल्या वयाच्या माणसाने त्यावर विसंबू नये. गोव्यातल्या घरांत हल्ली एखाद्याकडे पोर्तुगीज पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे कार्ड) असते. तसे कुणी सोबत असेल तर त्या व्यक्तीला ही सवलत नाही. तिने भारतीय बाजूला सुनौलीच्या इमिग्रेशन कार्यालयात निर्गमनाचा शिक्का घ्यावा आणि पलीकडे बेलहिया येथे आगमनावेळी मिळणारा नेपाळचा व्हिसा घ्यावा. १५ दिवसांना ३० आणि ३० दिवसांना ५० अमेरिकी डॉलर असा त्याचा दर आहे. बाकीचे लोक सहज चालत जातात म्हणून तीही तशीच गेली, तर अडचण परत येताना भारताच्याच दारात उभी राहते.

गाडीसाठी मूळ नोंदणीपत्र, विमा, प्रदूषण प्रमाणपत्र आणि चालकाचा परवाना लागतो. भारतीय परवाना तिकडे चालतो. कॅम्परच्या बाबतीत एक जास्तीची खबरदारी आहे. प्रवासी गाडीची आसने काढून आत बिछाने आणि ओटा बसवला असेल, तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार त्या बदलाला आपल्या आरटीओची मंजुरी असावी आणि नोंदणीपत्रावर तो बदल उतरलेला असावा. गोव्यात कुणी विचारत नाही म्हणून हे राहून जाते. सीमेवर मात्र अधिकारी आसनसंख्या वाचतो, आत डोकावतो आणि दोन्हींचा मेळ बसला नाही की प्रश्न सुरू होतात. गाडीची पाटी पांढरी असावी, कारण भाड्याच्या, पिवळ्या पाटीच्या गाडीची प्रक्रिया निराळी आहे.

सुनौलीला सकाळी सातच्या सुमारास पोहोचावे. मालवाहू ट्रकांची कित्येक किलोमीटर रांग लागलेली असते; ती आपली रांग नव्हे, लहान गाड्या तिच्या उजवीकडून पुढे जातात. कमान ओलांडल्यावर बेलहियाचे भन्सार कार्यालय, म्हणजे त्यांचे सीमाशुल्क कार्यालय, लागते. गाडी बाजूला लावून कागदांची पिशवी घेऊन खिडकीशी जावे. तिथे अर्जात गाडीचा क्रमांक, चासी क्रमांक, आत येण्याची आणि बाहेर पडण्याची तारीख भरायची असते. जितके दिवस राहणार तितक्या दिवसांचे शुल्क गाडीच्या वर्गानुसार एकदम घेतात आणि पावती देतात. खिडकीबाहेर अर्ज भरून देणारे दलाल घोटाळत असतात. त्यांची गरज नाही, अर्ज साधा आहे आणि देवनागरीतच आहे. बाहेर पडण्याची तारीख ठरलेल्या दिवसापेक्षा दोन दिवस पुढची लिहावी. दरड कोसळून रस्ता बंद झाला तर ते दोन दिवस दंडापासून वाचवतात, आणि मुदत वाढवण्यासाठी कार्यालय शोधत फिरावे लागत नाही. वर्षभरात एकूण ३० दिवसांपेक्षा जास्त भारतीय खासगी गाडी नेपाळात ठेवता येत नाही, तेव्हा वीस रात्रींचा बेत त्यात आरामात बसतो. मूळ पावती चालकाच्या बाजूच्या कप्प्यात ठेवावी. रस्त्यात वाहतूक पोलीस तीच मागतात.

विम्याबद्दल दोन शब्द. आपली मोटार पॉलिसी भारताबाहेर आपोआप लागू होत नाही. विमा कंपनीला सांगून भौगोलिक क्षेत्र वाढवल्याची पुरवणी घ्यावी लागते. थोडा जादा हप्ता भरला की ती मिळते आणि तिच्यात नेपाळचे नाव लिहिलेले असल्याची खात्री करून घ्यावी. नेपाळचा तृतीय पक्ष विमा सीमेजवळ मिळतो, तोही घ्यावा. तिघांचा प्रवासी आरोग्य विमा वेगळा.

आता खऱ्या बेताकडे येऊ. निवांत सहल ठरते ती किती ठिकाणे पाहिली यावर नव्हे, तर किती सकाळी गाडी सुरू करावी लागली नाही यावर. नेपाळच्या डोंगरात ताशी पंचवीस ते तीस किलोमीटर हा कॅम्परचा प्रामाणिक वेग आहे. फोनवरचा नकाशा जो वेळ दाखवतो त्यात अर्धी भर घालावी. दिवसाला चार तासांपेक्षा जास्त चालवू नये आणि दुपारी तीनपर्यंत मुक्कामी पोहोचावे, कारण अंधार पडल्यावर उतारावर गाडी उभी करायला सपाट जागा शोधणे हे काम तरण्याताठ्यांचेही नाही. मी वीस रात्री सात ठिकाणी वाटतो: लुंबिनी तीन, तानसेन दोन, पोखरा सहा, बंदीपूर दोन, कुरिनटार एक, सौराहा पाच आणि शेवटची सीमेजवळच्या भैरहवाला.

फेरीची दिशा मुद्दाम अशी ठेवली आहे. तराईतल्या बुटवलहून तानसेनमार्गे पोखऱ्याला जाणारा सिद्धार्थ राजमार्ग वळणांचा आणि उभ्या चढाचा आहे. लादलेल्या गाडीला चढ परवडतो, कारण इंजिन तापले तर थांबता येते. लांबच लांब उतारावर ब्रेक तापले तर थांबता येत नाही. म्हणून तो रस्ता जाताना घ्यावा. परतीचा रस्ता मर्स्यांग्दी आणि त्रिशूली या नद्यांच्या काठाकाठाने हळूहळू उतरतो आणि ब्रेकला त्रास देत नाही. उतारावर ज्या गिअरने चढ चढलो असतो त्याच गिअरमध्ये उतरावे, हा अनमोड घाटातला नियम इथेही पाळावा. बुटवल सोडल्यासोडल्या सिद्धबाबाच्या देवळाजवळचा पट्टा दरडींसाठी कुप्रसिद्ध आहे. तिथे फोटोसाठी थांबू नये, सकाळीच पार व्हावे.

लुंबिनीने सुरुवात करण्याचे कारण पुण्यापेक्षा सोयीचे आहे. सीमेपासून ती पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे, सारा प्रदेश सपाट आहे आणि नवीन देशात पहिल्या रात्री गाडीची टाकी, दिवे, पंप यांत जे काही बिनसलेले असते ते इथे कळते. मायादेवी मंदिर, १८९६ साली उजेडात आलेला अशोकस्तंभ आणि देशोदेशीच्या विहारांचा लांबच लांब परिसर सायकलवरून किंवा ई-रिक्षातून पाहता येतो. भोवतालच्या शेतांत सारस क्रौंचांच्या जोड्या पहाटे दिसतात. आपल्या ताईंना चालणे फार जमत नसले तरी हे गाडीच्या पायरीवर बसून पाहता येते.

तानसेन हे डोंगरउतारावरचे, नेवार या व्यापारी-कारागीर समाजाचे जुने गाव, उंची सुमारे १,३५० मीटर. ‘ढाका’ नावाच्या तिथल्याच विणीच्या कापडासाठी आणि पितळेच्या करुव्यांसाठी, म्हणजे तोटीच्या तांब्यांसाठी, ते प्रसिद्ध आहे. बाजारपेठेतले रस्ते इतके उभे आणि वर तारा इतक्या खाली लोंबतात, की उंच टपाचा कॅम्पर आत नेऊ नये. खालच्या मोकळ्या जागेत ठेवून टॅक्सीने वर जावे. कालीगंडकीच्या काठावरचा राणीमहाल खड्गशमशेर राणांनी १८९० च्या दशकात बांधला; तिथे जायचे तर स्थानिक जीप करावी.

पोखऱ्यात सहा रात्री का, असे विचारले जाते. कारण तिथेच सुटी सुरू होते. उंची आठशे मीटरच्या आसपास असल्याने हवा आपल्याला मानवते, भाजी-मासळी-औषधे-गॅरेज सर्व मिळते, आणि सकाळी सहाला पडदा सरकवला की ६,९९३ मीटरचा माछापुच्छ्रे समोर असतो. लेकसाइडच्या गर्दीत कॅम्पर घालू नये. फेवा तलावाच्या उत्तर काठाने पामेच्या बाजूला गेले की शेते, मोकळी कुरणे आणि अंगण असलेली साधी लॉज लागतात. परदेशांतून गाडीने आलेले प्रवासीही याच बाजूला उतरतात. तलावातल्या बेटावरचे बाराही देवीचे देऊळ नावेने, सारंगकोट केबल कारने, आणि बेगनास तलाव एका दिवसाच्या फेरीत होतो. बाकीचे दिवस काहीही ठरवू नये.

मुक्तिनाथाचे काय, हा प्रश्न आपल्याकडच्या प्रत्येक घरातून येतोच. शाळिग्राम ज्या कालीगंडकीतून येतात तिच्या खोऱ्यातून वर जोमसोम आणि पुढे ३,७०० मीटरवर मुक्तिनाथ आहे. कॅम्पर तिकडे नेऊ नये, या बाबतीत माझे मत अजिबात लवचीक नाही. रस्ता अरुंद आणि खडबडीत आहे, दुपारनंतर खोऱ्यात सोसाट्याचा वारा सुटतो आणि उंच टपाच्या गाडीला तो लोटतो. गाडी पोखऱ्याला ठेवून चार दिवसांची स्थानिक जीप ठरवावी आणि सत्तरीतल्या व्यक्तीने उंचीबद्दल आधी डॉक्टरांना विचारावे. जमले नाही तर मनाला लावून घेऊ नये.

बंदीपूर हमरस्त्यावरच्या डुम्रे गावापासून आठ किलोमीटर चढावर आहे. बाजारपेठेत गाड्यांना बंदी असल्याने गाव शांत राहिले आहे. कुरिनटारला त्रिशूलीच्या काठी एक रात्र काढून दुसऱ्या दिवशी मनकामनेच्या देवळाला रोपवेने जावे; तो १९९८ पासून चालू आहे आणि चढण टाळतो. सौराहा हे चितवन राष्ट्रीय उद्यानाच्या वेशीवरचे गाव. २०२१ च्या गणनेत नेपाळात ७५२ एकशिंगी गेंडे आढळले, त्यांपैकी ६९४ चितवनात. हे गेंडे रात्री नदी ओलांडून गावाच्या रस्त्यावरही येतात, त्यामुळे इथे उघड्या नदीकाठी गाडी लावण्याचा मोह टाळून कुंपण असलेल्या लॉजच्या आवारातच मुक्काम करावा, आणि रात्री दार उघडण्यापूर्वी बाहेर उजेड टाकावा.

काठमांडू कॅम्परसाठी नव्हे. धूळ, कोंडी आणि गाडी लावायची अडचण या तिन्ही गोष्टी निवांतपणाच्या शत्रू आहेत. पशुपतिनाथाचे दर्शन हवेच असेल, आणि तिथले मुख्य पुजारी परंपरेने आपल्या शेजारच्या कर्नाटकातून जातात म्हणून आपल्याला ते देऊळ थोडे घरचे वाटतेही, तर सौराहाच्या लॉजमध्ये गाडी ठेवून भाड्याच्या मोटारीने दोन रात्रींसाठी जाऊन यावे. सौराहाच्या पाच रात्रींत ते बसते.

रात्री गाडी उभी करण्याबद्दल. युरोपात असतात तसे वीज-पाण्याच्या जोडण्या असलेले कॅरॅव्हॅन तळ नेपाळात आहेत असे धरून चालू नये. तिथली रीत अशी, की अंगण असलेले लॉज पाहायचे, मालकाला किंवा बहुधा मालकिणीला भेटायचे, गाडीतच झोपू पण रात्रीचे जेवण तुमच्याकडे घेऊ आणि एक न्हाणीघर वापरू असे सांगायचे, आणि रक्कम आधीच ठरवून घ्यायची. हिंदी बहुतेक ठिकाणी समजते. खोली न घेणारे गिऱ्हाईक पहिल्यांदा विचित्र वाटते, पण तीन थाळ्या सांगितल्या की प्रश्न मिटतो. थकाली या डोंगरी समाजाच्या पद्धतीची डाळ-भात-भाजी-लोणच्याची थाळी पोटभर असते आणि वाढून वाढून घालतात. मुक्कामी गाडी लावल्यावर हँडब्रेकवर विसंबू नये, चाकांखाली लाकडी गुटके द्यावेत.

टॉयलेटचा डबा कुठे रिकामा करायचा, हे विचारायला लोक लाजतात, म्हणून मीच सांगतो. दर दोन दिवसांनी, लॉजच्या शौचालयात, परवानगी घेऊन, आणि नंतर ते धुऊन. नदीत, तलावात किंवा शेताच्या बांधावर कधीही नाही. खालच्या गावाचे पिण्याचे पाणी तेच असते. ओट्याचे सांडपाणीही बादलीत धरावे. टाकीतले पाणी भांड्यांसाठी वापरावे आणि पिण्याचे उकळलेले असावे.

वीज आपल्यासारखीच, २३० व्होल्टची, आणि पिनाही बहुतेक आपल्याच बसतात. स्वयंपाकाचा गॅस मात्र घरून भरून न्यावा; आपले सिलिंडर तिकडे बदलून मिळेल असे गृहीत धरू नये. रोज रांधायचे नसल्याने पाच किलोचे एक पुरते. उकडे तांदूळ, सोलं (कोकम) आणि सुक्या सुंगटांची (कोळंबीची) बरणी सोबत असावी. आठव्या दिवशी कुणाला तरी हुमणाची, म्हणजे माशांच्या कढीची, आठवण येतेच. डिझेल भारतातूनच जाते, बिहारमधील मोतिहारी ते नेपाळमधील अमलेखगंज अशी तेलवाहिनी २०१९ पासून चालू आहे, त्यामुळे दर्जाची धास्ती नको. आपल्या इंजिनाला डीईएफ (धूर स्वच्छ करणारे द्रव) लागत असेल तर त्याचा एक जादा डबा गोरखपूरला घ्यावा. डोंगरात तो शोधत बसण्यात अर्थ नाही.

पैशांचा हिशेब सोपा आहे, शंभर भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी रुपये, आणि हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. जवळ शंभराच्या नोटा ठेवाव्यात, मोठ्या नोटा घ्यायला दुकानदार कचरतात. २०२४ पासून नेपाळच्या फोनपेच्या (Fonepay; आपले PhonePe नव्हे) क्यूआरवर आपले यूपीआय चालते, पण ते शहरांतच उपयोगी पडते. सीमेवर पासपोर्ट आणि फोटो देऊन नेपाळी सिम घ्यावे. घड्याळ १५ मिनिटे पुढे करावे, शनिवारी कार्यालये बंद असतात हे लक्षात ठेवावे. आणि गाडी चालवायची त्या दिवशी घोटभरही घेऊ नये. मापसे (मादक पदार्थ सेवन) या नावाने तिथल्या वाहतूक पोलिसांची तपासणी कडक असते. रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या ठरलेल्या दिवसांहून दहा दिवस जास्तीच्या न्याव्यात आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत असावी. मोठी रुग्णालये पोखऱ्यात आणि चितवनजवळच्या भरतपुरात आहेत. आपल्या बेतातल्या बहुतेक रात्री या दोन शहरांच्या आसपासच जातात, हे मी जाणूनच ठेवले आहे.

परतीला नारायणगढ ते बुटवल हा सुमारे ११५ किलोमीटरचा टप्पा कामांमुळे अनेक वर्षे उखडलेला राहिला आहे, विशेषतः दाउन्नेच्या चढावर. त्याला अख्खा दिवस द्यावा आणि भैरहवाला झोपावे. सकाळी भन्सारची पावती परत करून गाडी बाहेर गेल्याची नोंद करून घ्यावी, नाहीतर पुढच्या वेळी तीच गाडी कागदोपत्री नेपाळातच उभी दिसते. गोरखपूरला ब्रेक, टायर आणि सस्पेन्शन तपासून फास्टॅगमध्ये पैसे भरावेत, आणि चालक बोलावला असेल तर किल्ली तिथेच त्याच्या हाती द्यावी.